ओट्यापुढची छत्री

आमच्या आळीतून जाताना नाना छत्रीवाले छत्री उघडी धरत. पाऊस नाही, ऊन नाही, माघातलं कोरं आभाळ, तरीही. आळी हसायची. आमच्या ओट्यासमोर तर ते मुद्दाम सावकाश चालत, आणि माझे आजोबा उठून आत जात. का, ते घरात कुणी बोलत नसे.

घोडेगावच्या एसटी स्टँडसमोर नाना छत्र्या दुरुस्त करत. माणूस महातापट. कुणी म्हणालं, "राहू द्या, नवीच घेतो," की ते अंगावर येत. "येक काडी तुटली म्हणून आख्खी छत्री फेकता? हात मोडल्यावर माणूस फेकता का?" गिऱ्हाईक गुपचूप छत्री ठेवून जाई.

मी मास्तर झाल्यावर तिथं बसू लागलो. काडीला तार बांधता बांधता ते एकदा म्हणाले, "छत्री आदी राजाची व्हती, मास्तर. मंग देवाची. लेण्याद्रीला स्तूपाच्या वर छताला दगडात कोरलीय. तिला आजवर कुणी मीट म्हनलं न्हाई. पुढं सायबाची काळी छत्री बाजारात आली, कुनालाबी मिळाया लागली. माझ्या बापानंबी घेतली. तुमच्या वट्याम्होरं त्याला ती मिटाया लावली. धो धो पाऊस व्हता."

"कुणी?"

"तुमच्या आज्यानं."

पुढे गावाचा इतिहास छापायचं ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. नानांनी एकच मागितलं. "माझं नाव नका घालू. बापाची छत्री तेवढी लिवा." मी लिहिली. चुलते वाचून म्हणाले, "मेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढतोस?" आणि मी ते पान काढलं. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. त्या जागी आजोबांचा फेट्यातला फोटो लावला, तोही मीच निवडून. आज हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वर निर्लज्जासारखा पुस्तक घेऊन नानांकडे गेलो. माझी छत्रीही त्यांच्याकडे दुरुस्तीला होती. त्यांनी पानन् पान उलटलं, फोटोपाशी थांबले, पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मग छत्री दिली. काड्या नीट बसवल्या होत्या, टाकेही बारीक. बाहेर पाऊस लागला होता. मी छत्री उघडू लागलो, तर म्हणाले, "मिटूनच न्या, मास्तर. तुमच्या वट्याची तीच रीत हाय."

मी भिजत स्टँडवर गेलो. लई राग आला त्यांचा. एवढ्याशा गोष्टीसाठी म्हातारा असं बोलतो, असं वाटलं. पुन्हा त्यांच्याकडे गेलो नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले.

राग अजून उतरलेला नाही, पण तो आता नानांवर नाही. काढलेलं पान मी जपून ठेवलं होतं. त्यातलं आज इथं सगळं लिहिलं, नानांचं खरं नाव तेवढं घातलं नाही. ती छत्री मात्र मी अजून उघडलेली नाही.