गाडीला थंडी वाजते म्हणे

हसू आवरत नाही हा माझा जुना रोग. लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही मी फिदीफिदी हसले होते. तेव्हा आमचे हे ट्रक घेऊन ऐन थंडीत पंजाबात जाणार म्हटल्यावर मी हसले, यात नवल ते काय! पालघरजवळच्या माहीमचा माणूस आणि थंडी? पौषात पहाटे जरा गार वारा सुटला की हे कान बांधून, ‘मेलो गो’ करत चुलीला चिकटून बसायचे.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, ती वर्षं. आमच्याकडची विड्याची पानं एरवी रेल्वेने उत्तरेत जायची. पालघरच्या ट्रकमालकांच्या डोक्यात आलं, आपल्या डिझेल गाडीने थेट अमृतसरला पोचवून बघू. ड्रायव्हर म्हणजे आमचे हे. क्लीनरने अमृतसरचं नाव ऐकलं आणि त्याच दिवशी त्याची कंबर धरली. म्हणजे जायचं एकट्याने.

मनोरला हायवेवर एक सरदारजी मिस्त्री होते. त्यांना विचारायला हे गेले, तर मीही हट्टाने गाडीत चढून बसले. सरदारजी म्हणाले, “वहाँ डीज़ल जम जाता है, बेटा.” मी पदरात तोंड खुपसलं. तूप थिजतं, खोबरेल थिजतं, डिझेल कुठलं थिजायला! पण ते सांगतच राहिले. मुक्कामाला थांबलं की रेडिएटरमधलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर त्याचा बर्फ होऊन रेडिएटर फुटतो. सकाळी गरम पाणी भरायचं. डिझेलमध्ये थोडं रॉकेल मिसळायचं, पुढच्या जाळीला गोणपाट बांधायचं. आणि इंजिन अडूनच बसलं, तर घमेल्यात निखारे घेऊन खालून जरा शेक द्यायचा.

मग त्यांनी आवाज खाली केला. “वो अंगारा केबिन के अंदर कभी मत लेना. शीशा बंद करके सोया तो सुबह उठेगा नहीं.” त्यांचा एक मित्र तसाच गेला होता. हे ‘हो हो’ म्हणाले, पण मी पदरातून तोंड बाहेर काढलं. निखारा दिसला की त्याला चिकटणारा हा माणूस, आणि बरोबर दटावायला कोणी नाही! खरं सांगते, त्या दिवसापासून मी मनातून भ्यायले होते. म्हणूनच बहुतेक जास्त हसत होते.

आमच्या गावात लोकर कोणी पाहिलेली नव्हती. बोईसरला बांधकामावरच्या एका वेल्डरची पंजाबी बायको राहायची, तिच्याकडून विणायला शिकून मी स्वेटर केला. एक बाही मनगटापर्यंत आली आणि दुसरी गुडघ्याला टेकली. हे म्हणाले, “हात आकडून घेतले की दोनी सारक्या हायेत.”

निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, “अवो, एकदा करून तरी बगा.” झालं, भर उन्हात अंगणात रंगीत तालीम! ह्यांनी दोन विजारी, स्वेटर, माकडटोपी असा सगळा साज चढवला. घामाच्या धारा लागल्या. मासळीची पाटी घेऊन कोळीण दारात आली ती तिथेच थबकली. “अगो बाय, याला काय झालं? हिवताप हाय का?”

“त्याला नाय, गाडीला थंडी वाजते,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

सासूबाईंचा जन्म पानांच्या टोपल्या भरण्यात गेलेला. त्यांना गोणपाट काही पटेना. “गोणपाटानं काय व्हतंय? मी पानं बांदते तशी बांदते.” त्यांनी केळीची सुकी पानं आणून ट्रकचं सगळं नाक गुंडाळलं, वर केळीच्या सोपटांनी करकचून आवळलं. इंजिनाची टोपलीच भरली म्हणा ना! ह्यांनी विश्वासाने खाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवलं. केळीची सुकी पानं ती, भक्कन पेटली! हे धावायला गेले, दोन विजारींत पाय अडकून आडवे. मी मदतीला जायचं सोडून पोट धरून खाली बसले. शेवटी सासूबाईंनीच रेडिएटरसाठी उकळलेलं पाणी ओतून आग विझवली, तर अंगणभर गवती चहाचा घमघमाट!

“थंडीवर चांगला असतो,” त्या म्हणाल्या. आलं घालायचं राहिलं याची त्यांना हळहळ वाटत होती.

दुसऱ्या दिवशी निघताना मी घमेलं केबिनमधून उचललं आणि मागे टोपल्यांच्या पार तळाशी बांधून सात गाठी मारल्या. “हे केबिनीत आलं तर माजी शपथ हाय तुमाला.”

“बरं गो,” हे म्हणाले. हे ‘बरं गो’ मला चांगलं ठाऊक होतं. ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडायचं ‘बरं गो’ होतं.

आठव्या दिवशी दुपारी तार आली. तार म्हटलं की तेव्हा पाचावर धारण बसायची. इंग्रजी वाचणारे गावात शाळामास्तर, त्यांना बोलावून आणलं. कागदावर एकच शब्द होता.

“स्टार्टेड,” मास्तर म्हणाले.

“म्हंजे काय?” सासूबाईंनी विचारलं.

“म्हणजे... निघाले.”

“घरातून निगून आट दिस झाले. आता कुटं निगाले?”

मास्तरांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काहीच नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. सासूबाईंनी हंबरडा फोडला. शेजारणी धावत आल्या. एकीने माझ्या हातातल्या बांगड्यांकडे बघितलं, ते मला अजून आठवतं.

आणि मी? मी अंगणात गरागरा फिरत हसत सुटले. बायका म्हणाल्या, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी ओरडत होते, “अवो, ष्टार्ट! गाडी ष्टार्ट झाली!” मला इंग्रजी ते एवढंच येत होतं, पण हा शब्द ह्यांच्या तोंडून मी रोज दहा वेळा ऐकत होते. तारवाल्याला ह्यांनी तोच सांगितला असणार, दुसरा येतोय कुठे!

सासूबाई रडता रडता संतापल्या. “गाडीचं काय घेऊन बसलीस? माजा पोर कसा हाय ते लिवलंय का त्यात?”

मी त्यांचे दोन्ही खांदे धरले. “आई, गाडी सकाळी ष्टार्ट कराया आदी माणूस उटावा लागतो ना!”

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग त्यांना हसू फुटलं, मास्तरांना फुटलं, सगळं अंगण हसायला लागलं. आणि मला रडू आलं, ते काही केल्या थांबेना.