सासूबाई बसल्या की गाडी रुसायची

उद्यमनगरात वडिलांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. त्यांच्यानंतर मी स्कॅनर आणला आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचे बिघाड शोधायला लागले. पण डेअरीत नोकरी करणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीनं मला चक्रावून सोडलं. मधेच सुरूच होत नाही, अशी त्यांची तक्रार. स्कॅनर म्हणे, इंजिनच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटतोय. आणि गाडी माझ्यासमोर मात्र एका किल्लीत सुरू!

दुसऱ्यांदा आले तेव्हा ते इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "ताई, हसू नका. आमच्या सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या की सुरूच होत न्हाय."

मी हसलेच. "मग त्यांना घेऊन या की."

"काय सांगून आणू? गाडीचा बॅलन्स राहतो असं सांगून सध्या त्यांना मागं बसवतोय."

शेवटी जोतिबाला जाताना हवा भरायच्या निमित्तानं त्यांनी गाडी माझ्या दारात आणली. सासूबाई कोडोलीच्या, घरच्या म्हशी सांभाळणाऱ्या, अंगानं भरभक्कम. मी त्यांना पुढं बसवलं. किल्ली फिरवली, इंजिन ढिम्म. त्यांना उतरवलं, लगेच सुरू. पुन्हा बसवलं, पुन्हा ढिम्म.

"काय गं पोरी," त्या कडाडल्या, "माझी परीक्षा चाललीय व्हय?"

जावईबापू चहा सांगायला म्हणून जे पळाले, ते दिसेनात.

मी सीटखाली डोकं घातलं. सीट कव्हर बसवणाऱ्यानं वायरींचा जुडगा सीटच्या लोखंडाखाली दाबून ठेवला होता. एका वायरीचं कव्हर घासून तांबं उघडं पडलेलं. वजन आलं की ते लोखंडाला टेकायचं आणि इंजिनच्या कॉम्प्युटरची बोलती बंद. जावयाच्या बायकोचं वजन त्याला पुरत नव्हतं, एवढंच.

"म्हणजे माझा दोष न्हाय?"

"न्हाय मावशी. कव्हर बसवणाऱ्याचा."

मी उघड्या वायरीवर टेप गुंडाळली, जुडगा बाजूला बांधला. मावशी वाकून बघत होत्या. मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "जावयाला इतक्यात सांगू नगंस. बॅलन्स म्हणं!"

जावई चहा घेऊन आले. मावशी पुढच्या सीटवर ऐसपैस बसल्या होत्या.

"जावईबापू, माझ्या मनाला लागलंय. म्हणून गाडी रुसलीया. पाया पडा, हुईल सुरू."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी स्कॅनरच्या पडद्यात तोंड खुपसलं. भर उद्यमनगरात, शेजारचे लेथवाले बघत असताना, जावयानं वाकून नमस्कार केला आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात गुरगुरलं. लेथवाल्यांनी शिट्ट्या मारल्या.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "ताई, खरं सांगा, काय होतं?"

मी सांगितलं. मग ते खो खो हसायला लागले.

"अहो, डोंगरावर दर वेळी गाडी सुरू करताना पाया पडत होतो मी! देवापेक्षा त्यांनाच जास्त नमस्कार झाले."

"मग आता बंद करणार?"

"छे! येताना सासूबाई एवढ्या खुशीत होत्या, की म्हशीचं तूप बांधून दिलंय. त्यांना कळू देऊ नका मला कळलंय ते."

तेवढ्यात मागून मावशींचा आवाज आला, "कुणाशी बोलताय वो?" आणि फोन कट.