‘सोडून गेले’ अशी नोंद झालेली पाच मुलं

“मॅडम, यंदा तुमची मुलं नकोत,” साळवी म्हणाले.

साळवी म्हणजे खालापूरच्या बाजूला असलेल्या एका कंपनीचे एचआर मॅनेजर. गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट तिथे बनतात. मी कर्जतच्या एका खासगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडची निदेशक आहे, म्हणजे त्या विषयाची शिक्षिका. शिवाय प्लेसमेंटही माझ्याकडेच आहे. मुलं पास झाली की त्यांना कंपन्यांत अप्रेंटिस म्हणून लावायचं, हे ते काम. अप्रेंटिस म्हणजे वर्षभर कंपनीत राहून प्रत्यक्ष काम शिकणारा.

मी नव्या बॅचची यादी घेऊन गेले होते. साळवींनी ती उघडलीसुद्धा नाही.

“दिवाळीनंतर तुम्ही आठ दिलीत. दोन महिन्यांत पाच गेली. न सांगता. एक दिवस येतात, दुसऱ्या दिवशी नाहीत. मी प्रॉडक्शनला काय तोंड दाखवू?”

“मला कळवलं नाहीत, सर.”

“मेल केला होता. प्रत्येक वेळी.”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मेल खरंच होते, पण संस्थेच्या जुन्या पत्त्यावर गेलेले. तो पत्ता सांभाळणारे क्लार्क नोकरी सोडून गेले, त्यानंतर तो कुणी उघडला नव्हता.

साळवी तसे सरळ माणूस. आवाज न चढवता म्हणाले, “राग मानू नका. पण डोंगरातल्या वाड्यांवरची मुलं टिकत नाहीत. त्यांना कंपनीची शिस्त नको असते. पाचातली तीन एकाच वाडीतली आहेत, बघा.”

मी नावं बघितली. यमुना, मंगेश, जानू. तिघंही माझ्या हाताखाली शिकलेली. यमुना तर त्या बॅचमधली एकटी मुलगी. वायरिंगच्या प्रॅक्टिकलला तिचा बोर्ड मी बाकीच्यांना दाखवायचे. खरं सांगायचं तर साळवींचं म्हणणं ऐकून मला त्यांचा राग आला नाही. आला तो यमुनाचा. इतकं शिकवलं आणि साधा एक फोन करता आला नाही, असं वाटलं.

“मला दोन आठवडे द्या,” मी म्हटलं. “मी बघते काय झालं ते.”

“बघा. पण यादी मी आत्ता घेत नाही.”

परत येऊन प्राचार्य कदम सरांना सांगितलं. सर काळजीत पडले. आमच्या भागात कंपन्या बऱ्याच आहेत, पण आमच्या मुलांना दरवर्षी घेणारी ही एकच. हिनं दार लावलं असतं तर पुढच्या वर्षी प्रवेश कोण घेणार?

“आपण मीटिंग लावू,” सर म्हणाले. “स्टेकहोल्डर मीटिंग. कंपनी, पालक, माजी विद्यार्थी. पीपीटी करू.”

“आधी त्या पाच जणांना भेटून येते, सर.”

“ते काय सांगणार? कंटाळा आला, एवढंच.”

मलाही तसंच वाटत होतं. तरी गेले.

पहिलं नाव आकाशचं. तो कर्जतच्या बाजारातच भेटला. मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसला होता. जळलेल्या मोटारीत तांब्याची तार पुन्हा गुंडाळायची, ते काम. “मॅडम, मला हेच आवडतं. तिथं नको वाटलं,” म्हणाला. कळवायला हवं होतं हे त्यानं मान्य केलं. हा खरोखर सोडून गेलेला.

दुसरा प्रतीक. भिवपुरीजवळच्या एका गावातला. घरी फक्त आई होती. अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसलेली.

“त्यो गेला हाय मजुरीला,” ती म्हणाली. “मॅडम, तुमी तरी सांगा, काय चुकलं पोराचं? चार दिस तापात पडला व्हता. उठला तसा गेला कामावं. तर गेटावनंच माघारी धाडला.”

“कुणी धाडला?”

“काय म्हाईत. त्यो काय बोलंचना. दोन दिस जेवला पन नाय.”

मी जरा सावध झाले. साळवींच्या मेलमध्ये लिहिलं होतं, ‘सोडून गेला’.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर गेले. स्कूटी पायथ्याच्या गावात लावली आणि पाऊण तास चढले. आयटीआयला असताना ही तिघं रोज हीच वाट उतरून यायची आणि नऊच्या तासाला हजर असायची. हे मला माहीत होतं, पण पायांना आत्ता कळत होतं. शिस्त नाही म्हणणाऱ्या साळवींना ही वाट दाखवावी, असं मनात आलं. मग आठवलं, तीन वर्षं या वाडीतली मुलं शिकवतेय, मीही पहिल्यांदाच चढतेय.

यमुना दारातच होती. मला बघितलं आणि आत पळाली. तिचे वडील, धर्मादादा, बाहेर आले. त्यांनी घोंगडी अंथरली.

“बसा, बाई. च्या घेणार ना? दूध नाय पन.”

कोरा चहा आला. यमुना तो देऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मान खाली.

“का गं सोडलंस?” मी विचारलं.

“मी नाय सोडलं, मॅडम. त्यांनी काढलं.”

“कुणी?”

“कंपनीनं.”

मग तिनं तुटक तुटक सांगितलं. धर्मादादांचे थोरले भाऊ वारले. मंगेश आणि जानू त्यांचेच मुलगे. घरातलं माणूस गेल्यावर दिवसकार्य होईपर्यंत कुणी कामावर जात नाही. तिघं पाच दिवस घरी राहिली. सहाव्या दिवशी पहाटेच निघाली, चारफाट्यावर कंपनीची बस पकडली आणि गेटावर गेली. तिथं मशिनवर कार्ड टेकवायचं असतं. हिरवा दिवा लागला की आत जायचं, हजेरी आपोआप लागते. तिघांनाही लाल दिवा लागला.

“वॉचमन म्हनला, तुमची नावं कमी झाली. एचआरला विचारा. मी म्हनलं, त्यांना बोलवा. तो म्हनला, फोन करा. नंबर त्याला पन ठावं नाय. मग आमी समोर झाडाखाली बसलो. दुपारी शिफ्ट सुटेपर्यंत. कोन आलं नाय.”

“रजेचा अर्ज दिला होतात?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “कुनाला द्यायचा, मॅडम?”

दोन वर्षं तिला मी ओहमचा नियम शिकवला, अर्थिंग शिकवलं, टेस्टर कसा धरायचा ते शिकवलं. रजा कशी मागायची, हे मी शिकवलं नव्हतं. कंपनीला वाटलं आयटीआयनं शिकवलं असेल. मला वाटलं कंपनी सांगेल.

“काम कसं होतं तिथलं?” मी विचारलं.

पहिल्यांदाच तिनं मान वर केली. “एकदा मोठी मोटार बंद पडली होती. सुपरवायजर पॅनेल उघडून बघत होते. मी म्हनलं, कॉन्टॅक्टर जळलाय, वास येतोय. खरंच जळला होता.” कॉन्टॅक्टर म्हणजे मोटार चालू-बंद करणारा मोठा स्विच. “मग ते मला रोज संगट न्यायला लागले.”

धर्मादादा मधेच उठले आणि आतून एक पिशवी घेऊन आले. आत सेफ्टी शूज होते. पुढून लोखंड असलेले, कंपनीनं दिलेले. तीन जोड्या. धुऊन, सुकवून, कागदात गुंडाळलेल्या.

“येवढं द्या तुमी कंपनीत,” ते म्हणाले. “आमी गेटावं नेले, तर वॉचमन घेईना. पोरांनी चोरले म्हनतील, म्हनून जपून ठेवलेत.”

मला ती पिशवी हातात घेववेना.

“दादा, तुम्हीच द्या,” मी म्हटलं. “पुढच्या गुरुवारी आयटीआयमध्ये मीटिंग आहे. कंपनीचे साहेब येणार आहेत. तुम्ही आणि यमुना या. प्रतीकच्या आईलाही बोलावते.”

सरांनी तोवर मीटिंगची निमंत्रणं छापून घेतली होती, त्यातलं एक माझ्याकडे होतं. त्यावर ‘हितधारक सभा’ असं लिहिलेलं. यमुनानं ते वडिलांना वाचून दाखवलं.

“हितधारक म्हंजी कोन?” त्यांनी विचारलं.

“ज्यांचं यात काही ना काही अडकलंय, ते.”

“मंग यायला पायजे,” ते म्हणाले.

कदम सरांना मी सगळं सांगितलं, तेव्हा ते खूश झाले नाहीत.

“पालकांना बोलायला द्यायचं? कंपनीसमोर? ते भांडले तर? उरलेली तीन मुलंही काढतील, मॅडम.”

“पीपीटीत मी हे कसं लिहू, सर? मला दहा मिनिटं द्या.”

“पाच,” सर म्हणाले.

मीटिंगच्या दिवशी खुर्च्यांवरूनच सुरुवात झाली. शिपायानं नेहमीप्रमाणे पाहुण्यांना स्टेजवर आणि पालकांना मागच्या ओळीत बसवलं होतं. मी टेबल खाली घेतलं आणि खुर्च्या गोलात लावल्या. साळवी आले, त्यांना धर्मादादांच्या शेजारची खुर्ची मिळाली. सरांनी प्रास्ताविक केलं. मग मी म्हटलं, “यमुना, मला जे सांगितलंस ते साहेबांना सांग.”

ती उभी राहिली. आवाज फुटेना. बोटं ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. मला वाटलं, ही आता बसणार, आणि चूक माझीच. एवढ्यात धर्मादादांनी पिशवीतले बूट काढून टेबलावर ठेवले. एकेक जोडी, नीट.

“सायेब, ह्ये तुमचे. मोजून घ्या,” ते म्हणाले.

साळवी बुटांकडे बघत राहिले. “हे इथं कसे?”

मग यमुनानं सांगितलं. लाल दिवा, वॉचमन, झाड. रडली नाही. सांगून झाल्यावर प्रतीकची आई बसल्या बसल्या म्हणाली, “माझ्याबी पोराचं ह्येच झालं, सायेब.”

साळवींनी फोन काढला आणि तिथूनच गेटावर लावला. “अप्रेंटिसचं कार्ड बंद कधी होतं?” पलीकडचं ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, “आपोआप? माणूस कुणी बघत नाही?” फोन ठेवला.

“तीन दिवस न सांगता गैरहजर राहिलं की सिस्टिम कार्ड बंद करते,” ते म्हणाले. “तो नियम मीच घातलाय. काँट्रॅक्टवरच्या माणसांसाठी. अप्रेंटिसनाही लागू होतोय, हे माझ्या लक्षात आलं नाही. मला यादी यायची, ‘सोडून गेले’. मी धरून चाललो, गेले.”

कदम सरांनी माझ्याकडे बघितलं. मी साळवींना म्हटलं, “आमचीही चूक आहे, सर. तुमचे मेल आम्ही उघडले नाहीत. आणि रजा कशी घ्यायची हे मी मुलांना शिकवलं नाही.”

“मंग आता?” धर्मादादांनी विचारलं.

साळवी त्यांच्याकडे वळले. “आता मुलांना सोमवारी पाठवा. मी स्वतः गेटावर असेन.” बुटांची पिशवी त्यांनी उचलली आणि दादांच्या हातात परत दिली. “हे घालूनच पाठवा.”

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. चहा आला. पीपीटी राहूनच गेली.

सोमवारी साळवी खरंच गेटावर होते. यमुना आणि जानू परत रुजू झाली. प्रतीकही. मंगेश नाही गेला. वडील गेल्यावर घरची शेती त्याच्याकडे आली होती, आणि त्याला तेच करायचं होतं. त्यानं मात्र रीतसर अर्ज लिहून दिला. यमुनानं लिहायला मदत केली.

कंपनीनं नियम थोडा बदलला. आता अप्रेंटिसचं कार्ड बंद करण्याआधी घरी एक फोन जातो आणि मला एक. आमच्याकडे मी ‘रजेचा तास’ सुरू केला. त्यात मी साहेब बनते आणि मुलं मला फोन करून रजा मागतात. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच तासाला वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलानं “हॅलो” म्हणून फोन ठेवून दिला. पुढच्या आठवड्यात मात्र त्यानं माझ्याशी दोन दिवसांच्या रजेवरून चांगली हुज्जत घातली.

नवी यादी साळवींनी घेतली. त्यांनी दहा मागितली, मी सहाच दिली. बाकीची चार अजून तयार नव्हती, आणि आता मला ते सांगायला संकोच वाटत नाही. यमुनाचं वर्ष पूर्ण झालं. तिथल्याच मेंटेनन्समध्ये ती कायम झाली आहे. सुपरवायजर म्हणतात, तिचं नाक मीटरपेक्षा आधी सांगतं.

आम्हाला दरवर्षी प्लेसमेंटचा रिपोर्ट पाठवावा लागतो. त्यात एक रकाना असतो, ‘सोडण्याचे कारण’. पूर्वी मी तिथं ‘वैयक्तिक’ लिहून मोकळी व्हायचे, एका बैठकीत सगळी नावं भरून. आता त्या रकान्यात काही लिहिण्याआधी मी त्या घरी जाऊन येते. कदम सरांची तक्रार असते की माझा रिपोर्ट दरवेळी उशिरा जातो. ते खरं आहे.