ग्रामपंचायतीच्या फुकट मासोळ्या

हसा पोटभर, पन आधी ऐकून तं घ्या! माह्या हातून जे झालं, ते दुश्मनाच्याही हातून होऊ नये.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावी ग्रामपंचायतीत शिपाई. गावात डेंग्यूचे दोन-तीन पेशंट निघाले. ग्रामसेवक मॅडम म्हनल्या, "दिनेशभाऊ, उद्या तालुक्याचे आरोग्य विभागाचे साहेब येणार आहेत. गप्पी मासे आणलेत, डासांच्या अळ्या खातात ते. घरोघरी वापरायच्या पाण्याच्या टाक्यात सोडायचे. घंटागाडीवरून सगळ्यांना नीट समजावून सांगा."

आता मी पडलो लय हुशार! म्हनलं, डास, अळ्या, डेंग्यू, एवढं लांबड लोकं कायले ऐकतीन? माईक धरला अन् बोंबललो, "उद्या सकाळी आठ वाजता, ग्रामपंचायतीसमोर मासोळ्या फुकट! भांडं घेऊन या होऽऽ!"

सकाळी जाऊन पाहतो तं काय! अख्खं गाव गंज-पातेले, बादल्या घेऊन उभं. सायकल दुरुस्तीवाले रहीमचाचा दुकान बंद करून आलेले. माह्या शेजारच्या शोभाकाकूनं तं मसाला वाटून ठेवलेला, वरून जावयाले फोन करून बोलावलेलं! तो बिचारा पहिल्याच एसटीनं येऊन रांगेत उभा.

मी मासोळ्याईची बादली उघडली. काकूनं वाकून पाह्यलं.

"काहून रे दिनेश, ह्या मासोळ्या हायेत का मुंग्या?"

"काकू, हे खायचे नाहीत. हे खातात!"

"कोनाले?"

झालं! मांगून कोनीतरी ओरडलं, "चावतात म्हने!" गर्दी चार पावलं मांगं!

"टाक्यात पोट्टं पडलं तं मंग?" काकूनं विचारलं.

"दिनेशभाई," रहीमचाचा म्हनले, "मेरी उंगली गई तो पंक्चर क्या पांव से निकालूं?"

तेवढ्यात साहेबाची जीप आली. मॅडमनं माह्याकडं असं पाह्यलं का मले घामच फुटला. अन् खरं सांगू? लोकाईनं मासे नेले नसते तं अजून घरोघरी ताप आला असता, तोही माह्याच थोबाडापायी.

मी बादलीत हात घातला. "पाहा! चावले का?"

तिथंच थांबलो असतो तं! पन मले जोर चढला ना. तांब्या बुडवला. "अरे, हे पानी मी पिऊन दाखवतो!" अन् डोळे मिटून गटागटा पेलो.

डोळे मिटायले नको होते, बाप्पा.

घशात काहीतरी वळवळलं. मी थांबलो. लोकंही थांबले. मंग ते हळूच खाली गेलं.

"गिळला!" जावई किंचाळला.

अन् जो हशा पिकला! रहीमचाचा पोट धरून खालीच बसले. "यानं मासा खाल्ला, माशानं याले नाही खाल्लं," म्हनत लोकं आपले आपले गंज पुढं करू लागले. घडीभरात बादली रिकामी!

साहेब वही काढून बसले. "मासे कुठं कुठं चाललेत? सांगा."

"हौद, टाके, ड्रम..." मी मोजून राह्यलो.

"अन् दिनेशचं पोट!" शोभाकाकू मधातच बोलली.

साहेब हसले नाहीत. मान खाली घालून तेही लिहिलं, अन् चष्म्यावरून माह्याकडं पाहत विचारलं, "झाकण आहे का?"

मी गपचूप तोंड मिटलं.