खिळ्यांचा पट्टा

चैत लागला तरी पहाटेचा गारवा गेला नव्हता, आणि आज तर आभाळही भरून आलं होतं. आभाळ आलं की मोहफूल कमी गळतं. तरी केशरबाईनं टोपली उचलली. आसगावच्या शिवारात, जंगलाकडच्या बांधावर तिच्या सासरचं मोहाचं झाड होतं. खालचा पालापाचोळा जाळून तिनं जागा साफ केली होती, त्या काळ्या राखेवर फुलं पडली होती. वेचता वेचता ती सारखी मान वर करून झुडपांकडे बघत होती. मोहाच्या दिवसांत अस्वलालाही त्याच झाडाखाली यायचं असतं.

पूर्वी मान वर करावी लागत नसे. तिचा कुत्रा कबऱ्या होता. तो राखेत पोट टेकून पडायचा, पान हललं की गुरगुरायचा. तेवढ्या भरवशावर बाई खाली मान घालून काम करायची.

कबऱ्याला माघात बिबट्यानं नेलं. बिबट्या गावात शिरतो न् गळाच धरतो म्हणून इकडे कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, टोकं बाहेर काढलेला. कबऱ्याचा पट्टा तिच्या नवऱ्यानं, यादोरावनं, जुन्या चामड्याचा केला होता. त्या संध्याकाळी एक खिळा आत वळून कबऱ्याची मान सोलली गेलेली तिला दिसली. तिनं पट्टा काढला, हळद-तेल लावलं न् म्हणाली, आजची रात मोकळा झोप बापा. सकाळी गोठ्यापाशी रक्त होतं आणि भाताच्या तणसीच्या ढिगापर्यंत ओढत नेल्याची खूण.

"बक्कल निसटलं असन," तिनं यादोरावला सांगितलं. तो नुसता "हं" म्हणाला. पट्टा खुंटीला लटकत राहिला.

मग गेल्या आठवड्यात तिच्या बहिणीचा पोरगा धनंजय जवाहरनगरहून एक तांबूस कुत्री मोटारसायकलवर घेऊन आला.

"मावशी, शेजारच्या क्वार्टरचे साहेब बदलून गेले न् हिले इथंच सोडून गेले. रोज त्याइच्या बंद दारापाशी बसून राहते. तुह्या घरी आता कबऱ्या नाई, म्हनून आनली."

"मी मांगतली होती का रे तुले?"

"पेज खाते का बिस्कुटच पायजे?" यादोरावनं विचारलं.

"खाते जी सारं. जुली नाव हाये तिचं. फक्त हिंदीत बोला तिच्याशी. साहेब यूपीचे होते."

"घ्या. या वयात कुत्रीसाठी हिंदी शिका आता," केशरबाई म्हणाली.

तिनं पेज वाढली, पण कबऱ्याच्या ताटलीत नाही, फुटक्या वाडग्यात. जुली हे नावही तिनं तोंडात घेतलं नाही. रात्र झाली की मात्र कुत्रीला आत ओढून कडी लावायची. कबऱ्या कधी घरात झोपला नव्हता.

"पट्टा बांध वं तिले. किती दिवस आत कोंडशीन?" यादोराव म्हणायचा.

"तुमीच बांधा."

"माहा गुडघा वाकत नाई."

"गळा काय गुडघ्यात हाये का तिचा?"

पट्टा खुंटीलाच राहायचा.

आज कुत्री आपणहून मागं आली होती. पण राखेकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. झुडपांकडे पाठ करून ती, धनंजयनं तिला आणलं होतं त्या पवनीच्या रस्त्याकडे तोंड करून बसली. लांबवर एखादी मोटारसायकल वाजली की ताडकन उठे, आवाज विरला की परत बसे. मागून अस्वल आलं असतं तरी तिला पत्ता लागला नसता.

"तिकडून कोनी येत नाई वं," केशरबाई म्हणाली. मग जरा थांबून, "इधर आ."

कुत्री आली. टोपली हुंगली, बाईच्या हाताचा वास घेतला, आणि परत जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसली.

घरी येताच केशरबाईनं पट्टा खुंटीवरून उतरवला. आत वळलेला खिळा दगडानं ठोकून सरळ केला. कुत्रीचा गळा लहान होता. नवं भोक पाडायला तिनं एक खिळा चुलीत तापवला, सांडशीत धरला. चामड्याचा जळका वास घरभर झाला.

"दे इकडं, मी करतो," बाजेवरून यादोराव म्हणाला.

"राहू द्या. बक्कल निसटलं नोहोतं जी. मीच काढला होता, त्याची मान सोलली म्हनून."

यादोरावनं बाजेवरून पाय खाली सोडले.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "तो खिळा ठोकतानाच वाकडा गेला होता. चालन, म्हटलं मी."

केशरबाईनं पट्ट्याच्या आतून सगळीकडे बोट फिरवून पाहिलं, मग पुन्हा एकदा फिरवलं, आणि पट्टा कुत्रीच्या गळ्यात बांधला. कुत्रीनं मान झटकली, मागच्या पायानं खाजवलं, पट्टा निघाला नाही. मग दारात जाऊन बसली, तोंड रस्त्याकडे.

अंगणात ऊन नव्हतं. तरी केशरबाईनं टोपली उपडी केली, फुलं वाळायला पसरली आणि त्यातला कचरा निवडायला बसली.