पेवातली मुलाखत

चिनू, आपल्या घराण्यात इटालियन भाषेत नोकरीची मुलाखत देणारी तू पहिली नव्हेस. पहिल्या उमेदवाराला मी जमिनीत कोंडलं होतं.

तो माझा थोरला भाऊ, दादा. लढाईत पकडला गेला, इटलीत कैदेत राहिला आणि ती भाषा शिकून अणदूरला परतला. इकडे इटालियन कैद्यांच्या छावणीसाठी दुभाषा हवा होता. दुसऱ्या दिवशी सोलापूरला मुलाखत होती. नोकरी लागली तरच लग्न. (मुलीच्या बापाची अट.)

दादा शेतात गेलाय, असं आम्ही समजत होतो. भर दुपारी आई आणि मी अंगणात ज्वारी पाखडत होतो. आणि पायाखालून आवाज आला. आधी जाड, दरडावणारा. मग दुसरा, मऊ, काकुळतीचा. पुन्हा जाड. धान्य साठवायच्या, नुकत्याच रिकाम्या केलेल्या पेवात, जमिनीखाली, दोघं जण बोलत होते. तळाशी पिवळा उजेड हलत होता.

आईनं सूप खाली ठेवलं. "कमळे, तू शिकल्याली हाईस. काय म्हनतंय ते?"

घरात इंग्रजी येणारी मी एकटी. वाकून ऐकलं. एक शब्द कळेना. पण कबूल कसं करायचं?

"जुनं इंग्रजी आहे," मी गंभीरपणे म्हणाले. "मेलेल्या साहेबांचं."

शेजारचे गुंडप्पाकाका आले. माझ्याच हुकमानं त्यांनी पेवाच्या तोंडावर दगड सरकवला आणि वर बसले.

"आई, मी हाय. दगड काढ."

"अगं बाई, माझ्या लेकराचा आवाज काढतंय!"

"फसू नका," मी म्हणाले.

खालून बराच वेळ ओरडणं चाललं. मग थकलेला आवाज आला, "कमळे, शिंक्यातला गूळ कोन खाल्लं, सांगू का आईला?"

आईनं माझ्याकडं पाहिलं.

"भुताला सगळं ठाऊक असतं," मी म्हणाले.

"आन् मांजरावर आळ कोन घेतला?"

तेव्हा मीच काकांना उठवलं आणि घाईनं दगड ढकलला. कंदील घेऊन दादा वर आला. घरात मी हसेन म्हणून तो खाली साहेब आणि उमेदवार, दोघांचं बोलणं एकटाच घोकत होता.

दुसऱ्या दिवशी साहेबानं प्रश्न विचारला, तेव्हा पेवात ओरडून बसलेल्या दादाच्या घशातून नुसती हवा आली. नोकरी गेली. लग्न मात्र झालं. पेवातल्या दोन आवाजांची गोष्ट तोवर मुलीच्या बापापर्यंत पोचली होती. अंगात दोन साहेब असलेल्या माणसाला नाही म्हणायची मुलीच्या बापाची छाती झाली नाही.

परवा तू फोनवर मुलाखतीची तयारी ऐकवलीस. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आजी, नात काय बोलतेय?"

मी गंभीरपणे सांगितलं, "जुनं इंग्रजी आहे."