अर्धवट कोडं बघायचं नाही

त्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याने लॅपटॉपचं झाकण मिटलं, "दूध घेऊन येतो," म्हणाला आणि गाडी काढली. दुकानाच्या पार्किंगमध्ये त्याचं हृदय थांबलं. दूध गाडीत होतं.

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर तसाच राहिला. लोक आले, बसले, त्यांच्यासाठी ताटं मांडताना तो बाजूला सरकवला गेला, लोक गेल्यावर पुन्हा जागेवर आला. उघडला मात्र कोणी नाही. दिवाळीच्या थोडं आधी महाराष्ट्र मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या काकूंचा फोन आला. आधी बराच वेळ त्या माझ्या जेवणाखाणाचीच चौकशी करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्यांचं एखादं शब्दकोडं मिळालं असतं तर... जुनंसुद्धा चालेल गं. पान रिकामं ठेवायला मन होत नाही."

माझा नवरा मंडळाच्या अंकासाठी मराठी शब्दकोडी करायचा. पुण्याहून अमेरिकेला येताना त्याने मराठी टायपिंगची एक सीडी आणली होती, आणि त्याची कोडी त्याच सॉफ्टवेअरमध्ये बनत. पुढे संगणक बदलले. नव्या संगणकांवर ते सॉफ्टवेअर चालेना, त्याला जुनी विंडोजच लागे. मी म्हटलं, आता नवीन फॉन्ट शिक. पण अ‍ॅशबर्नच्या ज्या बिनखिडक्यांच्या इमारतींमध्ये अर्ध्या जगाचे संगणक घरघरत असतात, त्यांतल्याच एका इमारतीत त्याची नोकरी होती. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवणं हे त्याचं रोजचंच काम. त्याने घरच्या लॅपटॉपमध्येही तसाच एक व्हर्च्युअल संगणक तयार केला आणि त्यात जुनी विंडोज बसवली. एका खिडकीएवढ्या जागेत जुन्या विंडोजच्या पडद्यावरचं ते हिरवं माळरान आणि निळं आभाळ पुन्हा उगवलं. "बघ," तो म्हणाला, "आपली सदाशिव पेठेतली खोली इथे जशीच्या तशी आहे. फक्त डास नाहीत."

हा आतला संगणक तो कधी बंद करत नसे. काम थांबवायचं झालं की 'सस्पेंड' दाबायचा. मग सगळं होतं तिथेच थिजायचं, उघडलेलं पान, अर्धी लिहिलेली ओळ, लुकलुकणारी रेघ. आणि पुन्हा सुरू केलं की तिथूनच पुढे. वाचता वाचता पुस्तक पालथं ठेवावं तसं. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं. पुस्तक पालथं घालणाऱ्या माणसाला मी बोलल्याशिवाय सोडत नाही. त्यालाही बोलायचे. तो हसायचा आणि सस्पेंड दाबायचा.

कोड्यांच्या बाबतीत आमच्या घरात एक नियम होता. कोडं पुरं झालं की तो ते छापायचा आणि शनिवारी सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली ठेवायचा. मी पेन्सिलीने सोडवायचे. तेवढ्या वेळात तो सिंकपाशी उभा राहून आधीच स्वच्छ असलेली भांडी घासायचा. मी कुठे अडले की त्याला न बघता कळायचं, कारण पेन्सिलीचा आवाज थांबायचा. मी सोडवल्यावरच कोडं मंडळाकडे जायचं. पण पुरं होण्याआधी मी बघायचं नाही. मी मागून नुसती गेले तरी तो पडद्यावरची खिडकी खाली पाडायचा. "अर्धवट कोडं बघायचं नाही. नाहीतर मग सोडवणार कोण?"

काकूंचा फोन ठेवला आणि मी लॅपटॉपचं झाकण उघडलं. बॅटरी केव्हाच संपली होती. चार्जर लावला, पासवर्ड टाकला. तो मला ठाऊक होता, आमच्या मुलीचं लाडाचं नाव. यादीत तो आतला संगणक दिसला आणि त्याच्याशेजारी तळहाताहूनही लहान एक चित्र, सस्पेंड केलं त्या क्षणीच्या पडद्याचं. चित्रात कोड्याची चौकट होती. काळी घरं ओळखू येत होती. उजव्या खालच्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. अक्षरं होती, पण मुंग्यांएवढी. भिंग आणून लावलं, तर मुंग्या मोठ्या झाल्या आणि त्यांची अक्षरं काही झाली नाहीत.

मग मी त्या आतल्या संगणकाला सुरू व्हायला सांगितलं. एक पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि थांबली. इंग्रजीत एक सूचना आली. तिचा अर्थ असा की, साठवलेली अवस्था पुन्हा सुरू करता आली नाही. ती जपून ठेवा आणि चूक दुरुस्त करा, किंवा ती टाकून द्या. खाली दोन बटणं होती. प्रिझर्व्ह आणि डिस्कार्ड.

मी प्रिझर्व्ह दाबलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. पट्टी अर्ध्यापर्यंत गेली, तीच सूचना आली, मी पुन्हा प्रिझर्व्ह दाबलं. मग माझ्या पद्धतीने वाचायला बसले. लोकांनी इंटरनेटवर एकमेकांना विचारलेले प्रश्न, त्यांची उत्तरं, उत्तरांवरची भांडणं. जवळजवळ प्रत्येक उत्तराचा शेवट एकच होता. डिस्कार्ड करा, डिस्क शाबूत असते, फक्त सेव्ह न केलेलं जातं.

सेव्ह न केलेलं म्हणजे ते कोडं.

मुलीला फोन केला. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिअ‍ॅटलला असते. "आई, जस्ट डिस्कार्ड इट," ती म्हणाली. "त्यात बाबांचं कोडं आहे," मी म्हटलं, तेव्हा तिचा आवाज बदलला. "ओके, डोंट. डोंट टच इट. काकांना बोलाव ना."

काका म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले मित्र. मूळचे नागपूरचे. ते त्याला भाऊ म्हणत आणि मी त्यांना भाऊजी.

"वहिनी, काही दाबू नका बरं," ते फोनवर म्हणाले. "मी येऊन राहिलो."

शनिवारी सकाळी ते आले. मी चहा केला. त्यांनी कप लॅपटॉपपासून लांब ठेवला आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला. "आधी कॉपी. कॉपी झाल्याशिवाय हात नाही लावायचा. भाऊंनीच शिकवलं आम्हाला. कोणी कॉपी न घेता काही केलं ना, तर अख्ख्या टीमसमोर असे ओरडायचे!" मग पडद्याकडे बघत म्हणाले, "अन् स्वतःचं पाहा. एक बॅकअप नाही यार घरी."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्याला नावं ठेवली होती. घरी येणारे सगळे तो किती चांगला होता तेवढंच सांगायचे.

भाऊजींनी प्रोग्रामची जुनी आवृत्ती बसवून पाहिली. आतल्या संगणकाची मेमरी कमी-जास्त करून पाहिली. पट्टी दर वेळी त्याच जागी थांबे. शेवटी त्यांनी फाइलींचे आकार एकाखाली एक बघितले आणि खुर्चीला टेकून बसले.

"काय झालं?"

"वहिनी, ही फाइल अर्धीच लिहिल्या गेली आहे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सस्पेंड दाबल्यावर सगळं डिस्कवर उतरायला थोडा वेळ लागते. भाऊंनी दाबलं अन् लगेच झाकण लावलं असेल. झाकण लावलं की लॅपटॉप झोपते. तो उठला असता तर बाकीचं लिहून झालं असतं. पण कोणी उठवलंच नाही. मग बॅटरी संपली."

तो दूध घेऊन परत आला असता, तर झाकण उघडलं असतं आणि उरलेलं लिहून झालं असतं. भाऊजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

मग ते म्हणाले, "एक होऊ शकते. जेवढं लिहिलं गेलं त्यातून तुकडे काढता येतील. सलग नाही मिळणार. पण मी बसेन. दर शनिवारी येतो मी."

त्यांनी फाइल दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये उघडली. पडद्यावर आकडे, चिन्हं आणि अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं वाहू लागली. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अशीच इंग्रजी अक्षरांच्या वेषात साठवलेली असे. भाऊजी शोधत राहिले, मी भाजी चिरत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली. एक तुकडा सापडला होता, त्याला त्यांनी तो जुना फॉन्ट लावला होता आणि पडद्यावर एक ओळ मराठी झाली होती.

भाजीवाली फुकट द्यायची, इथे पाकिटात विकत (४).

कढीलिंब. मला पेन्सिलसुद्धा लागली नाही. आमच्या जेवणघराच्या खिडकीत कढीलिंबाची कुंडी आहे. थंडी पडली की तो ती आत आणायचा आणि उन्हाळ्यात बाहेर न्यायचा, आणि इंडियन स्टोअरमध्ये कढीलिंबाचं पाकीट दिसलं की दर वेळी मला सांगायचा की त्याची आई मंडईतून कधी पैसे देऊन कढीलिंब आणायची नाही. मी नकळत मागे वळून सिंककडे बघितलं.

"अजून निघतील," भाऊजी म्हणाले. "खाली काहीतरी दिसून राहिलं. थांबा."

"नको भाऊजी."

"अहो, मला काही त्रास नाही."

"त्रासाचं नाही. त्याने मला कधी अर्धवट दाखवलं नव्हतं."

मग त्यांनी पडद्यावरची ती खिडकी मिटली. "बरं. कॉपी आहेच पेनड्राइव्हवर. ती ठेवा तुमच्याजवळ." मी त्या लहानशा चित्राचा फोनवर फोटो काढला. भाऊजींनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि ते उठून सिंकपाशी गेले, आपला कप धुवायला. कप धुऊन झाला तरी नळ चालूच होता.

मी आतला संगणक पुन्हा सुरू करायला घेतला. पट्टी अर्ध्यापर्यंत गेली, सूचना आली. मी डिस्कार्ड दाबलं. खरंच का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. शेजारचं चित्र गेलं आणि तिथे काळा चौकोन उरला.

मग जुनी विंडोज पहिल्यापासून सुरू झाली, तिच्या त्या चार सुरांसकट. माळरान आलं, आभाळ आलं. कोड्यांच्या फोल्डरमध्ये सगळी कोडी होती, पुरी झालेली, मी सोडवलेली. नळ बंद झाला.

"चाललं?" भाऊजींनी पाठमोरंच विचारलं.

"चाललं."

दिवाळी अंकात त्यांतलं एक कोडं छापून आलं. काकू म्हणाल्या, अवघड होतं बाई, पण यांनी सोडवलं. त्यानंतर दर अंकाला मी एक जुनं कोडं पाठवते. पाठवण्याआधी छापून चहाच्या कपाखाली ठेवते आणि पुन्हा सोडवते. उत्तरं पाठ आहेत, तरी मध्ये पेन्सिल थांबते.

काम झालं की मी आतला संगणक सस्पेंड करत नाही, पूर्ण बंद करते, आणि तो बंद झाल्याचं बघून मगच झाकण मिटते. पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात आहे. त्यावरची फाइल उघडत नाही. माझ्या फोनमध्ये एका चौकटीचा फोटो आहे, त्यात काळी घरं दिसतात. आणि त्या कोड्याचा एक शब्द मला माहीत आहे.